हेड्रियनच्या भिंतीवरचे किल्ले आणि संग्रहालये: जोडून पाहण्यासाठी सहा दिवसांची आखणी

उत्तर इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉलवे खाडीवरच्या बोनेसपर्यंत रोमन साम्राज्याची एक सरहद्द आजही जमिनीवर दिसते. सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास प्रांताचा सुभेदार ऑलस प्लेटोरियस नेपोस याच्या देखरेखीखाली ही भिंत उभी राहू लागली. तिची लांबी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. इ.स. १४२ च्या सुमारास रोमनांनी आणखी उत्तरेला, आजच्या स्कॉटलंडमध्ये दुसरी भिंत बांधली, पण ती वीसेक वर्षांत सोडून ते याच भिंतीवर परतले आणि पाचव्या शतकाच्या आरंभापर्यंत येथे पहारा राहिला. १९८७ मध्ये युनेस्कोने हिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या भागात फिरताना सर्वांत मोठी अडचण अशी की दगड एका ठिकाणी आहेत आणि त्या दगडांत राहिलेली माणसे दुसऱ्या ठिकाणी. किल्ल्यावर गुडघाभर उंचीच्या भिंती, ओटे आणि गटारे दिसतात. तिथे सापडलेली वेदी, थडग्याची शिळा, जोडा, पत्र मात्र तिथून कित्येक मैलांवरच्या संग्रहालयात असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार दिवस केवळ किल्ले पाहिले आणि संग्रहालये शेवटच्या दिवसासाठी ठेवली. त्या दिवशी न्यूकॅसलमध्ये एकेका शिळेखालची पाटी वाचताना लक्षात आले की ज्या जागेवरून आपण घाईने पुढे गेलो, ती जागा याच शिळेची होती. पुढच्या खेपेस क्रम उलटा केला आणि तेच अवशेष बोलू लागले. म्हणून खालची आखणी प्रत्येक किल्ला त्याच्या वस्तूंशी जोडून केलेली आहे.

निघण्यापूर्वी: सरहद्दीची रचना समजून घ्या

ज्याने राजगड किंवा रायगड चढला आहे, त्याच्या मनात किल्ला म्हणजे डोंगर, तट, माची आणि बालेकिल्ला असे चित्र असते. रोमन किल्ला तसा नसतो. तो लष्करी छावणीचा दगडी अवतार आहे: पत्त्याच्या पानासारखा गोलाकार कोपऱ्यांचा आयत, चार बाजूंना चार दरवाजे, आणि आत काटकोनात छेदणारे रस्ते. मध्यभागी मुख्य कचेरी, जिच्या मागच्या दालनात पलटणीची निशाणे आणि खजिना असे. तिच्या एका बाजूला सेनाधिकाऱ्याचा चौसोपी वाडा, दुसऱ्या बाजूला धान्यकोठारे, आणि पुढेमागे सैनिकांच्या लांबट बराकी. ही मांडणी एकदा डोक्यात बसली की कोणत्याही किल्ल्यात शिरल्यावर पाच मिनिटांत आपण कुठे उभे आहोत ते कळते. जाड भिंतीला बाहेरून आधाराचे दगडी धिरे आणि जमिनीखाली हवा खेळण्यासाठी खांब दिसले तर ते धान्यकोठार समजावे. विटांचे किंवा दगडांचे बुटके खांब आणि जवळ भट्टीची जागा दिसली तर ती तापवलेली खोली.

भिंत स्वतःही एकटी नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेलात तर आधी खंदक लागतो, मग भिंत, मग लष्करी रस्ता, आणि शेवटी दोन्ही अंगांना मातीचे उंचवटे असलेला दुसरा रुंद खंदक, ज्याला व्हॅलम म्हणतात. दर रोमन मैलावर एक छोटी मैलचौकी आणि दोन मैलचौक्यांच्या मध्ये दोन बुरूज असत. अभ्यासकांनी मैलचौक्यांना पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमांक दिले आहेत, आणि प्रत्येक चौकीच्या पश्चिमेच्या दोन बुरुजांना त्याच क्रमांकापुढे ‘ए’ आणि ‘बी’ जोडले आहे. नकाशावर ‘३६बी’ वाचले की तो छत्तिसाव्या मैलचौकीनंतरचा दुसरा बुरूज, एवढे समजले तरी पुष्कळ.

भिंत बांधली रोमन सैन्याच्या तीन लीजनांनी, म्हणजे मोठ्या मुख्य पलटणींनी: दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स. पहाऱ्याला मात्र बहुधा साहाय्यक पलटणी असत आणि त्या साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून भरती झालेल्या होत्या. चेस्टर्सला स्पेनच्या अस्तुरियाचे घोडेस्वार, हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जियमच्या परिसरातले तुंग्रियन, बर्डओसवल्डला डॅन्यूबपलीकडचे डेशियन, कारवोरनला सीरियाचे तिरंदाज, साउथ शील्ड्सला तैग्रिस नदीवरचे नावाडी. ही यादी वहीत लिहून न्यावी, कारण संग्रहालयात शिळा वाचताना ती पदोपदी उपयोगी पडते.

काळ, मुक्काम आणि प्रवास

मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे संग्रहालये पाचच्या सुमारास बंद झाल्यावरही भिंतीच्या मोकळ्या भागावर निवांत चालता येते. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, काही ठिकाणे हिवाळ्यात बंद असतात किंवा मोजकेच दिवस उघडी राहतात, आणि ओल्या जमिनीवर चालल्याने खालच्या अवशेषांचीही हानी होते. भारतातून येणाऱ्यांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. त्यासाठी वेळ हाताशी ठेवून अर्ज करावा.

लंडनहून न्यूकॅसलला रेल्वेने सुमारे तीन तास लागतात. न्यूकॅसल आणि कार्लाइल यांना जोडणारा रेल्वेमार्ग टाइन नदीच्या खोऱ्यातून भिंतीला समांतर जातो आणि त्यावर कॉरब्रिज, हेक्सम, बार्डन मिल व हॉल्टव्हिसल ही उपयोगाची स्थानके आहेत. माझ्या मते पहिल्या दोन रात्री न्यूकॅसलमध्ये, पुढच्या तीन हेक्सम किंवा हॉल्टव्हिसलमध्ये आणि शेवटची कार्लाइलमध्ये काढावी. रोज सामान हलवावे लागत नाही आणि उलटा प्रवासही होत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर ‘एडी १२२’ या बसवर सगळी भिस्त असते. भिंतीच्या जन्मवर्षाचेच नाव मिळालेली ही बस हेक्सम आणि हॉल्टव्हिसल यांच्या दरम्यान चेस्टर्स, हाउसस्टेड्स आणि विंडोलँडा या ठिकाणांना जोडते, पण ती हंगामी आहे आणि तिच्या फेऱ्या मोजक्या असतात. आदल्या रात्री त्या वर्षाचे वेळापत्रक पाहून परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ वहीत लिहून ठेवावी, कारण बऱ्याच ठिकाणी मोबाइलला नीट रेंज मिळत नाही. गाडी असेल तर बी ६३१८ हा रस्ता धरावा. स्कॉटलंडमधून उठलेल्या १७४५ च्या बंडानंतर लष्कराच्या हालचालींसाठी हा रस्ता बांधला गेला आणि त्यासाठी कित्येक मैल भिंत पाडून तिच्याच पायावर खडी टाकली गेली. गाडी सरळ रेषेत चालली आहे असे वाटले, की आपण भिंतीच्या पाठीवरूनच जात आहोत असे समजायला हरकत नाही.

तिकिटांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. सगळी ठिकाणे एकाच संस्थेच्या ताब्यात नाहीत. कॉरब्रिज, चेस्टर्स, हाउसस्टेड्स आणि बर्डओसवल्ड इंग्लिश हेरिटेज चालवते. हाउसस्टेड्सची मालकी नॅशनल ट्रस्टची असल्यामुळे तिच्या सभासदांनाही तिथे मोफत प्रवेश मिळतो. विंडोलँडा आणि कारवोरनचे रोमन आर्मी म्युझियम ही विंडोलँडा ट्रस्टची ठिकाणे असून त्या दोहोंचे एकत्रित तिकीट मिळते. परदेशी प्रवाशांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ठराविक दिवसांचा पास असतो. चारही किल्ले पाहायचे असतील तर सुट्या तिकिटांच्या बेरजेशी त्याची तुलना करूनच पैसे भरावेत. हा पास विंडोलँडाला चालत नाही.

पहिला दिवस: न्यूकॅसल आणि साउथ शील्ड्स

सकाळ ग्रेट नॉर्थ म्युझियमसाठी ठेवावी. प्रवेश मोफत आहे. आत शिरल्यावर दालनभर पसरलेली भिंतीची लांबलचक प्रतिकृती आहे. तिच्या कडेने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा शांतपणे चालत जावे आणि पुढच्या पाच दिवसांची ठिकाणे तिच्यावर शोधावीत. मग अडतिसाव्या मैलचौकीचा शिलालेख शोधावा, ज्यात हेड्रियन आणि नेपोस या दोघांची नावे आहेत. भिंत कोणाची, हा वाद मिटवणाऱ्या पुराव्यांत हा दगड महत्त्वाचा ठरला. येथेच लेख वाचण्याचा सराव करावा. रोमन लेखात यू ऐवजी व्ही कोरतात, शब्द तोडून लिहितात आणि जागा वाचवण्यासाठी अक्षरे एकमेकांत अडकवतात. ‘एल-ई-जी’ या तीन अक्षरांचा अर्थ लीजन असू शकतो किंवा सम्राटाचा प्रतिनिधी असलेला सुभेदारही. या एकाच दगडावर ती दोन्ही अर्थांनी आलेली आहेत. ‘सी-ओ-एच’ म्हणजे पायदळाची पलटण. थडग्यावर सुरुवातीलाच ‘डी’ आणि ‘एम’ दिसतात, म्हणजे ‘दिईस मानिबुस’, पितरांच्या आत्म्यांना. भिंतीच्या साध्या दगडावर उलट्या सी अक्षरासारखी खूण आणि पुढे एक नाव असेल, तर त्या नावाच्या शतपतीच्या तुकडीने तेवढा भाग बांधला असे समजावे. एवढी पाच-सहा चिन्हे पाठ झाली की पुढे कोणत्याही संग्रहालयात पाटीवर विसंबून राहावे लागत नाही.

याच संग्रहालयात कॅरोबर्गच्या मिथ्र मंदिरातल्या मूळ वेदी आहेत. मिथ्र हा रोमन सैनिकांत पुजला जाणारा देव. त्यांतल्या एकीवर मिथ्र सूर्यरूपात कोरला असून त्याच्या मस्तकाभोवतीचे किरण दगडातून आरपार कोरून काढलेले आहेत. वेदीच्या मागे दिवा ठेवला की अंधाऱ्या गाभाऱ्यात देवाच्या डोक्यामागून उजेड फाकत असे. ही वेदी नीट पाहून ठेवावी. तिसऱ्या दिवशी तिची जागा पाहायची आहे.

दुपारी मेट्रोने साउथ शील्ड्सला जावे. वाटेत वॉल्सएंडला उतरून सेगेडुनम हा किल्ला पाहायचा तर त्यासाठी मेट्रोच्या वेगळ्या फाट्यावर जावे लागते. वेळ असेल तरच ते करावे. तिथला उंच मनोरा चढल्यावर संपूर्ण किल्ल्याचा आराखडा एका नजरेत दिसतो, आणि घोडेस्वारांच्या बराकींत पुढच्या खोलीत घोडे व मागच्या खोलीत माणसे राहत होती हे तिथल्याच उत्खननातून स्पष्ट झाले.

साउथ शील्ड्सचा आर्बेया किल्ला नदीच्या मुखाशी आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट सेव्हेरसच्या स्कॉटलंडवरच्या मोहिमेसाठी येथे धान्यकोठारांची रांगच उभी केली होती. पश्चिम दरवाजा मूळ पायावर पुन्हा उभारलेला आहे. सगळे किल्ले पाहण्यापूर्वी त्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन उंचीचा अंदाज घ्यावा, म्हणजे पुढे गुडघाभर दगड पाहताना डोळ्यांपुढे तो दरवाजा उभा राहतो. मात्र या ठिकाणी जायचे खरे कारण म्हणजे संग्रहालयातली रेजिनाची शिळा. रेजिना ही दक्षिण इंग्लंडमधल्या कॅटुव्हेलॉनी जमातीची स्त्री. ती गुलाम होती. सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या बराटेसने तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केले, आणि ती तिसाव्या वर्षी गेली तेव्हा त्याने ही शिळा उभारली. वेताच्या खुर्चीत बसलेली रेजिना, मांडीवर चाती आणि तकली, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा तुटलेला आहे. खालचा लॅटिन मजकूर व्याकरणात अडखळतो. त्याखाली मात्र पाल्मिराच्या लिपीत एकच सुबक, वळणदार ओळ आहे: रेजिना, बराटेसची मुक्त केलेली, हाय! मातृभाषेतला तो एक उद्गार वाचायला ब्रिटनच्या त्या टोकाला किती माणसे असतील, हा विचार मनातून जात नाही. या शिळेपुढे किमान पंधरा मिनिटे थांबावे.

दुसरा दिवस: कॉरब्रिज आणि हेक्सम

कॉरब्रिज भिंतीच्या थोडे दक्षिणेला, दोन रोमन रस्ते जिथे मिळत त्या जागी आहे. हा किल्ला पुढे गाव झाला, त्यामुळे येथे बाजारपेठेच्या रस्त्यावरून चालता येते आणि त्याच्या कडेची दोन धान्यकोठारे फरसबंदीसकट पाहता येतात. त्यांची फरशी खचून लाटांसारखी झाली आहे, कारण खाली जुन्या किल्ल्यांचे खंदक बुजवलेले होते. संग्रहालयात १९६४ मध्ये सापडलेली पेटी आहे, जिच्यात लोखंडी पट्ट्यांच्या रोमन चिलखताचे भाग, हत्यारे, खिळे असे सामान जपून ठेवलेले होते. रोमन चिलखताच्या बिजागऱ्या आणि पट्ट्या नेमक्या कशा जुळत, हे याच पेटीमुळे कळले. येथेच बराटेस नावाच्या पाल्मिराच्या माणसाची शिळा आहे. तो ६८ वर्षे जगला. तो रेजिनाचाच नवरा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. काहींना ते मान्य नाही. काल साउथ शील्ड्स पाहिले असेल तर ही साधी, मोजक्या शब्दांची शिळा चुकवणे शक्यच नाही. तिच्यावर पाल्मिराच्या लिपीतली ओळ नाही.

हेक्समचे ॲबी म्हणजे जुने ख्रिस्ती मठमंदिर. सातव्या शतकात बांधलेल्या त्याच्या तळघरात कॉरब्रिजहून आणलेले रोमन दगड जसेच्या तसे बसवलेले आहेत. त्यांत एका लेखावर सम्राट सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याचे नाव छिन्नीने खोडलेले दिसते. इ.स. २११ मध्ये त्याच्या भावानेच त्याचा खून केला आणि साम्राज्यभर त्याचे नाव पुसण्याचा हुकूम निघाला. तो हुकूम या सरहद्दीपर्यंतही पोहोचला होता. वर फ्लॅव्हिनसची शिळा आहे. पेट्रियाना या घोडदळाचा हा निशाणधारक सात वर्षे चाकरी करून पंचविसाव्या वर्षी मेला. उधळलेला घोडा आणि त्याच्या टापांखाली वाकलेला शत्रू पाहताना आपल्याकडच्या वीरगळाची आठवण होते, मात्र वीरगळावर असतो तसा स्वर्गारोहणाचा कप्पा येथे नाही.

तिसरा दिवस: चेस्टर्स आणि कॅरोबर्ग

चेस्टर्सला सकाळी उघडताच पोहोचावे. हा घोडदळाचा किल्ला भिंतीवर आडवा बसलेला आहे आणि त्याचे तीन मोठे दरवाजे भिंतीच्या उत्तरेला उघडतात, म्हणजे स्वार एकाच वेळी तिन्हीकडून बाहेर पडू शकत. कचेरीच्या मागच्या भागात खजिन्याची जमिनीखालची कमानदार खोली आजही शाबूत आहे. नदीकाठी उतरल्यावर लागणारे स्नानगृह ब्रिटनमधल्या लष्करी स्नानगृहांपैकी सर्वांत चांगल्या स्थितीत टिकलेल्यांतले आहे. कपडे बदलण्याच्या दालनात भिंतीत सात कमानदार कोनाडे आहेत. तेथून थंड, कोमट आणि गरम खोल्यांतून त्याच क्रमाने जावे, ज्या क्रमाने सैनिक जात असत.

या सगळ्यामागे जॉन क्लेटन या माणसाचे ऋण आहे. १७९२ मध्ये जन्मलेला न्यूकॅसलचा हा कायदेपंडित चेस्टर्सच्याच वाड्यात राहत असे. शेतकरी भिंतीचे दगड काढून नेतात हे पाहून त्याने भिंतीलगतच्या जमिनी एकामागून एक विकत घेतल्या आणि १८९० मध्ये मृत्यू होईपर्यंत उत्खनन चालू ठेवले. त्याच्या संग्रहाचे छोटे संग्रहालय १८९६ मध्ये येथे उघडले आणि त्याची मांडणी आजही त्याच काळातली आहे, शिळांना शिळा भिडवून ठेवलेली. पाट्या कमी असल्या तरी परवाच्या सरावाचा येथे पुरेपूर उपयोग होतो. क्लेटननेच कॅरोबर्गला कोव्हेंटिना देवीची विहीर उपसली आणि तीत अर्पण केलेली हजारो नाणी निघाली.

परतण्याआधी चेस्टर्सच्या पूर्वेला प्लॅनेट्रीज येथे थांबावे. तिथे रुंद पायावर अरुंद भिंत चढवलेली दिसते. सुरुवातीला सुमारे तीन मीटर रुंद बांधायची ठरलेली भिंत मध्येच अरुंद करण्यात आली, हा निर्णय बदलल्याचा पुरावा दगडातच राहिला आहे. १८०१ मध्ये विल्यम हटन नावाचा ७८ वर्षांचा गृहस्थ बर्मिंगहॅमहून पायी येऊन भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेला. हा तुकडा त्या वेळी पाडला जात होता आणि हटनच्या विनवणीमुळे तो वाचला, असे सांगतात.

कॅरोबर्गचे मिथ्र मंदिर रस्त्यालगत, दलदलीच्या खोलगट भागात आहे. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात जमीन खचली आणि वेदींची टोके वर दिसली. आज तिथे प्रतिकृती उभ्या आहेत. पावसात जागेवर पाणी साचते, म्हणून पायांत वॉटरप्रूफ बूट हवेत.

चौथा दिवस: स्टील रिगपासून हाउसस्टेड्सपर्यंत

हा चालण्याचा दिवस. स्टील रिगहून हाउसस्टेड्स सुमारे ५ किलोमीटर आहे, पण भिंत व्हिन सिल या काळ्या दगडाच्या कड्यावरून वरखाली जात असल्यामुळे अडीच-तीन तास लागतात. एकोणचाळिसावी मैलचौकी दोन टेकड्यांच्या खिंडीत आहे. तिच्यापुढच्या खोबणीत जे एकाकी सिकॅमोरचे झाड होते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये तोडण्यात आले. बुंध्याला नवी पालवी फुटली आहे, तिच्या जवळ जाऊ नये. सदतिसाव्या मैलचौकीत उत्तर दरवाजाच्या कमानीचे दगड अजून जागेवर आहेत.

चालताना एक नियम कटाक्षाने पाळावा: भिंतीवर चढू नये, आणि गवतावरून एकामागोमाग एक न चालता शेजारी-शेजारी चालावे, म्हणजे एकच वाट खोल रुतून खालचे अवशेष उघडे पडत नाहीत. धातुशोधक यंत्र येथे वापरणे गुन्हा आहे.

हाउसस्टेड्समध्ये आधी उत्तरेच्या बाजूला ‘३६बी’ बुरुजाचा पाया शोधावा. किल्ल्याच्या आत बुरूज कसा, असा प्रश्न पडला की उत्तर मिळते: किल्ले भिंतीवरच बांधावेत हे नंतर ठरले, आणि त्यासाठी आधीचा बुरूज पाडला गेला. मग उतारावरून खाली आग्नेय कोपऱ्यातल्या शौचकूपांपर्यंत जावे. किल्ल्यातील सगळ्यात सखल जागा हीच, म्हणून छपरांवरचे पाणी टाक्यांत साठवून ते इथपर्यंत आणले होते. दोन्ही भिंतींलगत खोल नाली, तिच्यावर लाकडी बैठका, आणि पुढ्यात काठीला बांधलेले स्पंज धुण्यासाठी उथळ पन्हळ. शेजारच्या टाकीच्या दगडी कडा झिजून खोलगट झाल्या आहेत. बोट फिरवले की इतक्या वर्षांच्या हातांचा वापर जाणवतो. ज्येष्ठांना सोबत घेतले असेल तर वाहनतळापासून किल्ल्यापर्यंतची चढण लक्षात घ्यावी. चेस्टर्स आणि कॉरब्रिज त्यांना अधिक सोपे जातात.

पाचवा दिवस: विंडोलँडा

विंडोलँडाला अख्खा दिवस द्यावा, आणि सहापैकी एकच दिवस हाती असेल तर तो येथेच घालवावा. हा किल्ला भिंतीपेक्षा जुना आहे, इ.स. ८५ च्या सुमाराचा, आणि एकावर एक असे नऊ किल्ले येथे बांधले गेले. प्रत्येक नवी पलटण जुनी लाकडी इमारत पाडून तिच्यावर माती अंथरीत असे. त्या बंद, ओल्या मातीत हवा पोहोचली नाही म्हणून चामडे, लाकूड, कापड कुजले नाही. पाच हजारांहून अधिक जोडे, लाकडी शौचकूपाची बैठक, मुष्टियोद्ध्यांचे चामडी पट्टे अशा वस्तू त्यातूनच निघाल्या. एप्रिल ते सप्टेंबर बहुतेक दिवशी उत्खनन चालू असते आणि कठड्याबाहेर उभे राहून ते पाहता येते.

१९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना येथे शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या, पोस्टकार्डाएवढ्या आणि एक ते तीन मिलिमीटर जाड. बऱ्याच पट्ट्यांवरची अक्षरे डोळ्यांना दिसत नाहीत, अवरक्त किरणांच्या छायाचित्रात उमटतात. बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही येथे मंद उजेडात ठेवल्या आहेत. एका पट्टीवर क्लॉडिया सेव्हेराने सेनाधिकाऱ्याची पत्नी सुल्पिशिया लेपिडिनाला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावले आहे. मजकूर लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे आणि शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या काहीशा ओबडधोबड हाताच्या. स्त्रीच्या हातचे लॅटिन लेखन म्हणून सर्वांत जुन्यांपैकी हे एक.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक पट्टी महत्त्वाची आहे. तिच्यावरच्या हिशेबात गॅम्बॅक्स नावाच्या माणसाच्या नावे दोन दिनारांच्या काळ्या मिऱ्यांची नोंद आहे. मिरी पिकत होती मलबारात. तांबड्या समुद्रातून, इजिप्तमार्गे, भूमध्य समुद्र ओलांडून ती या गारठलेल्या छावणीत पोहोचली होती. त्याच व्यापाराची दुसरी बाजू पाहायची असेल तर निघण्यापूर्वी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती पाहून यावी.

संग्रहालय दरीच्या तळाशी आहे आणि तिथे उतरण्याची वाट तीव्र उताराची आहे. गुडघे दुखत असतील तर दुसऱ्या प्रवेशद्वाराची चौकशी तिकीटघरात करावी. ओढ्याजवळ रोमन मैलाचा दगड आजही मूळ जागी उभा आहे. मुले सोबत असतील तर संध्याकाळी कारवोरनचे रोमन आर्मी म्युझियम त्यांना जास्त आवडेल.

सहावा दिवस: बर्डओसवल्ड आणि कार्लाइल

बर्डओसवल्डला भिंतीचा सर्वांत लांब अखंड टिकलेला पट्टा आहे. येथून पश्चिमेची भिंत आधी दगडाची नव्हती, गवताळ मातीच्या थरांची होती. किल्ल्यातल्या एका धान्यकोठारावर रोमन सत्ता संपल्यानंतर कोणीतरी मोठे लाकडी दालन उभारले. त्याच्या खांबांच्या जागी आज लाकडी ओंडके रोवून ठेवले आहेत. सैन्य गेले तरी माणसे गेली नव्हती, हे ते ओंडके सांगतात. येथे बस भरवशाची नसल्यामुळे हॉल्टव्हिसल किंवा ब्रॅम्प्टनहून टॅक्सी आधीच ठरवावी.

कार्लाइलच्या टुली संग्रहालयात पश्चिमेकडच्या किल्ल्यांच्या शिळा आहेत. त्याच शहरात क्रिकेट क्लबच्या मैदानात २०१७ मध्ये मोठे रोमन स्नानगृह सापडले आणि २०२३ मध्ये तिथून दोन भव्य दगडी मस्तके निघाली. उत्खननाच्या हंगामात गेलात तर चालू काम पाहता येते.

सामानात वाऱ्या-पावसाला टिकणारे जाकीट, घोट्याला आधार देणारे बूट, छापील नकाशा आणि पाण्याची बाटली असावी. छत्री कड्यावरच्या वाऱ्यात टिकत नाही. बहुतेक किल्ल्यांवर उपाहारगृह आहे, पण शाकाहारी पर्याय थोडेच असतात आणि दुपारनंतर संपतात, म्हणून चौथ्या दिवशी तरी दशम्या किंवा पराठे बरोबर घ्यावेत. कुंपणाची फाटके उघडली की मागे लावून घ्यावीत, कारण आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. आणि कार्लाइलहून परतीची गाडी संध्याकाळची असेल, तर टुलीमध्ये दुपारी एकच्या आत शिरावे; तिथल्या शिळा वाचायला दोन तास पुरत नाहीत.